गुडघ्यांवरचं मीठ

आज सकाळी पडदा सारला तर मागच्या डेकवर पांढरं पसरलेलं. बर्फ नाही अजून, नुसतं गोठलेलं दव. कुणी रांगोळीची भुकटी चाळून ठेवावी तसं सगळीकडे सारखं. मग खाली बेसमेंटमध्ये हीटर घुरघुरला. पहिल्या दिवशी त्याला एक वास येतो, उन्हाळाभर साचलेली धूळ जळते त्याचा. हॅलिफॅक्समध्ये थंडी आली हे मला कॅलेंडर सांगत नाही, हा वास सांगतो. बाकीच्यांच्या घरी विंटर टायर, शोव्हल, मिठाची पोती अशी तयारी चालते. आमच्याकडेही चालते, पण त्याआधी जुईची.

जुई माझी नात. सहावीतली, केसांच्या दोन शेपट्या, तोंडात सदा इंग्रजी. माझी सून प्राची हिनं आज सकाळीच शेकायच्या पिशव्या काढल्या, लोकरीचे मोजे काढले, गरम पाण्याचा फ्लास्क घासून ठेवला. गाडी आधी तापवायची आणि मगच पोरीला दाराबाहेर काढायची, असा आमच्या घरचा नियम. कारण जुईला सिकलसेल आहे. रक्तातल्या गोल पेशी हिच्या विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक नसांमध्ये अडकून बसतात. थंडी लागली, पाणी कमी पडलं, की जास्त अडकतात. मग हाडं दुखायला लागतात, आणि ते दुखणं बघणाऱ्यालाही बसू देत नाही.

बघा, किती सहज लिहून गेले मी. 'जुईला सिकलसेल आहे.' मागच्या थंडीत हे वाक्य माझ्याकडून कुणी शपथ घालूनही वदवून घेऊ शकलं नसतं.

थंडी म्हटलं की मला आधी आमचं भंडाऱ्याकडचं गाव आठवतं. धानाची मळणी, अंगणभर तणसाचा पिवळा वास, दवानं ओल्या झालेल्या बांधावरून येणारी माणसं. आणि त्या तणसाच्या ढिगाला टेकून शेकोटीजवळ बसलेली माझी धाकटी बहीण मंजू. आम्ही पोरी खेळायचो आणि ती गुडघे छातीशी घेऊन बसायची. आई एरंडाची पानं तव्यावर गरम करून तिच्या सांध्यांना बांधायची आणि आल्यागेल्याला सांगायची, "हिच्या हाडात थंडी शिरते." बस्स. एवढंच निदान. मंजू परकर सोडून साडी नेसायच्या वयाची झाली आणि एका थंडीत गेली. त्या दुखण्याला नाव नव्हतं, म्हणून त्याची लाजही नव्हती. गाव रडलं तिच्यासाठी, अगदी उघड रडलं.

नाव पुष्कळ नंतर आलं. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेणाऱ्या बायका गावात यायला लागल्या आणि त्यांच्याबरोबर 'सिकलसेल' हा शब्द आला. नाव आलं तशी लाज आली. कुणाच्या पोरीला आहे म्हटलं की बघायला येणारी मंडळी अर्ध्या रस्त्यातून परत फिरायची. मग सगळे म्हणायला लागले, तो 'त्या' लोकांचा आजार आहे, आपल्यात नसतो. 'ते' लोक कोण, हे जो तो आपापल्या सोयीनं ठरवायचा. मीही ठरवलेलं होतं. मंजूच्या गुडघ्यांचा आणि या शब्दाचा काही संबंध असेल, हे तर मला जुई झाल्यावर इथल्या डॉक्टरनं सगळ्या घराण्याची चौकशी केली तेव्हा उमगलं.

जुई लहान असताना मी नागपूरहून इथे आले, ती तिला सांभाळायला. आल्यावर पहिलं काय केलं असेल तर घरातल्यांची तोंडं बंद केली. मराठी मंडळात सांगायचं, पोरीला थंडीची ॲलर्जी आहे. वाढदिवसाला गेली नाही तर ॲलर्जी. गणपतीच्या नाचातून ऐन वेळी गळली तर ॲलर्जी. प्राची म्हणायची, "आई, कशासाठी पण? कोण काय खाणार आहे आपल्याला?"

"अगं, उद्या पोरीचं लग्न करायचंय."

"आई, ती अकरा वर्षांची आहे!"

"वर्षं काय, जातात भराभर," मी म्हणायची आणि विषय पोळ्यांकडे वळवायची.

बंदराच्या पलीकडे एका चर्चच्या बेसमेंटमध्ये मोठा हॉल आहे. तिथे महिन्यातून एका शनिवारी सिकलसेलवाल्या घरांची बैठक भरते. गेल्या वर्षी प्राचीनं ते शोधून काढलं. जुईला फेरीबोटीतून जायचं होतं, पण वारा नको म्हणून आम्ही बसनं पुलावरून गेलो. मला वाटलं, दवाखान्यासारखं काहीतरी असेल, खुर्च्या, पत्रकं, कुजबुज. दार उघडलं तर आतून हशाच आला अंगावर. हशा, ढोलाच्या तालातलं गाणं, आणि तिखट-टोमॅटोच्या फोडणीचा असा वास की क्षणभर मला कुणाच्या लग्नघरातच आल्यासारखं वाटलं. बायकांच्या डोक्यांवर कडक, चमकदार फडक्यांचे फेटे. पोरं पळताहेत. एक म्हातारबुवा काठी आपटून कुणावर तरी रागावताहेत. सगळे आफ्रिकेकडचे, नायजेरियाचे, घानाचे, काँगोचे, शिवाय इथेच पिढ्यान् पिढ्या राहिलेली काळी कुटुंबं. आमच्या रंगाच्या आम्ही तिघीच.

मी कोटांच्या खुंटीजवळची खुर्ची धरली. कोट अंगातच ठेवला. खरं सांगते, माझ्या मनात एकच होतं, आपण इथे का? हा यांचा आजार, आपण चुकून आलो. गावात 'त्या' लोकांकडे बोट दाखवायची ना मी, तेच बोट मी विमानात बसून बरोबर घेऊन आले होते.

तेवढ्यात एक उंच, भरदार बाई सरळ माझ्यासमोर आली आणि दोन्ही गुडघे जमिनीला टेकून खाली बसली. "ए कासान, मा," म्हणाली. मी दचकून पाय मागे घेतले. मला वाटलं, हिचं काही खाली पडलं. पण मागून आलेल्या तिच्या मुलीनंही तसंच केलं, आणि माझ्या लक्षात आलं, हा नमस्कार आहे. दुपारी भेट झाली की 'ए कासान' म्हणत थोरांपुढे त्यांच्यात गुडघे टेकतात. पाठ ताठ, डोळे खाली, आणि चेहऱ्यावर असं मार्दव की माझा हात आपसूक उठला. तिच्या फेट्यावर ठेवला आणि आपल्याकडे म्हणतात तसं म्हणाले, "औक्षवंत हो."

"मामा, व्हॉट डिड यू से?" तिनं विचारलं. मामा म्हणजे त्यांच्यात आई.

"लाँग लाइफ," मी माझ्या तोडक्या इंग्रजीत म्हणाले.

"आमेन!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की सगळा हॉल वळला, आणि मग सगळ्यांनी आमेनचा गजर केला. मला हसू आवरेना. मी कोट काढला.

तिचं नाव फोलाके. नायजेरियातली, योरुबा बोलणारी, इथल्या शाळेत गणित शिकवते. तिच्या सिमीला सिकलसेल आहे, आणि ती सिमीला हाक मारते ती अशी जशी काही पोरगी कुस्तीगीर आहे. त्यांच्यात या आजाराच्या पोरांना लढवय्ये म्हणतात. आमच्यात म्हणतात बिचारी.

एका शनिवारी तिथली एक तरुण मुलगी आपल्या मित्राला घेऊन आली. तो बिचारा अजून बसलाही नव्हता तोवर चार बायकांनी एका सुरात विचारलं, "व्हॉट इज युअर जीनोटाइप?" म्हणजे रक्ताची जात कुठली. एए असेल तर निर्धास्त, एएस असेल तर तो स्वतः धडधाकट, पण पुढच्या पिढीला आजार देऊ शकतो. दोन एएस एकत्र आले की पोटच्या पोराला हा आजार व्हायची भीती. पोरगं लाजत म्हणालं, "एए, मॅम." लगेच टाळ्या, आणि त्याच्या ताटात भाताचा डोंगर. लाल, तिखट, आपल्या मसालेभाताचा मोठा भाऊच तो.

फोलाके मला म्हणाली, "आमच्याकडे मुलगा 'आवडतेस' म्हणाला की मुलीनं आधी हेच विचारायचं. तुमच्याकडे काय विचारतात?"

मी म्हटलं, पत्रिका बघतात. नक्षत्र, नाडी, गुण. समजावता समजावता घाम फुटला. शेवटी वर बोट दाखवून म्हणाले, "स्टार्स."

तिनं चमचा खाली ठेवला. "मामा. यू आस्क्ड द स्टार्स, अँड नोबडी आस्क्ड द ब्लड?"

हॉल हसला. मीही हसले. पण परत येताना बसच्या काचेला डोकं टेकून बसले होते, तेव्हा मला आठवलं, मंगेश आणि प्राचीचे गुण किती छान जुळले होते. मी पेढे वाटले होते. माझा मुलगा एएस, सून एएस, आणि पत्रिकेत सगळं मंगल. तेव्हा आम्हा कुणालाच माहीत नव्हतं, हे खरं. पण माहीत झाल्यावर मी काय केलं? झाकणच तेवढं घट्ट बसवलं.

आणखी एक शनिवार. हॉलमध्येच जुईचं दुखायला लागलं. ओठ मिटून कोपऱ्यात बसली, डोळ्यांतून पाणी गळतंय, पण आवाज नाही. मला कौतुकच वाटायचं तिचं. मीच शिकवलेलं, 'सहन करावं, आरडाओरडा करू नये, शहाणी मुलगी ना तू.' फोलाकेनं तिला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं, गरम पाणी पाजलं आणि विचारलं, किती दुखतंय? जुई म्हणाली, "अ लिटल."

"लिटल?" फोलाके तिच्यापुढे उकिडवी बसली. "बेबी, डॉक्टरसमोर 'लिटल' म्हणालीस तर तेही 'लिटल'च औषध देतील. ओरड. सिमीला विचार, ती छप्पर उडवते. तुला असं गुपचूप रडायला शिकवलं कुणी?"

जुईनं फक्त माझ्याकडे बघितलं. रागानं नाही हो, नुसतं बघितलं. त्या नजरेपुढे मला तोंड कुठे लपवू असं झालं. मंजूसुद्धा अशीच गप्प बसायची शेकोटीपाशी. तिलाही आम्ही शहाणी म्हणायचो.

डिसेंबर लागला तशी थंडी खरी झाली. रस्त्यांवर मिठाच्या गाड्या फिरायला लागल्या. इथे बर्फावर मीठ टाकतात, ते बुटांना, गाडीला, पँटच्या काठाला लागून घरात येतं आणि वाळलं की पांढरे डाग पडतात. त्याच दिवसांत जुईला दवाखान्यात ठेवावं लागलं, रक्त द्यायची वेळ आली. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवून समजावलं. पूर्वी दिलेल्या रक्तामुळे जुईचं शरीर आता पुष्कळ जणांचं रक्त नाकारतं. नुसता गट जुळून भागत नाही, आणखी बारीक खुणा जुळाव्या लागतात. त्या आपल्याच मुलखातल्या माणसांशी जुळायचा संभव जास्त. तेव्हा तुमच्या ओळखीच्या लोकांना रक्तदानाला पाठवा. त्या खेपेला कसंबसं जमलं. पुढच्या खेपेचं सांगता येत नाही, म्हणाल्या.

हॉलमध्ये ही बातमी कळली. तिथल्यांना रक्तदानाचं काही सांगावं लागत नाही, सवयच आहे त्यांना. फोलाके मात्र माझ्याजवळ येऊन बसली. "मामा, आमचं रक्त आम्ही देतोच. पण हिला तुमच्याकडचं हवंय. तुमचे लोक कुठे आहेत? आणा ना त्यांना."

"हो, हो. सांगते," मी म्हणाले.

त्याच दिवशी तिनं माझ्या हातात निळ्या कापडाचा तुकडा ठेवला. वर्षाखेरीच्या जेवणाला सगळ्या बायका एकाच कापडाचे कपडे शिवतात, म्हणजे बघणाऱ्याला कळावं की ही सगळी एका घरची. "तुम्ही काय शिवता ते शिवा, पण शिवा," म्हणाली. मी ते खणासारखं कपाळाला लावलं, घरी आणलं आणि कपाटात सगळ्यात खाली ठेवलं. जेवणाला गेले ती माझी नेहमीची साडी नेसून. फोटोबिटो कुणी टाकला असता तर? मंडळातल्या कुणी बघितला असता तर? पन्नास निळ्या बायकांच्या मधोमध मी एकटीच तांबडी उभी होते.

आता त्या दुकानाचं सांगते. ते सांगायलाच तर बसले आहे मी.

संक्रांत तोंडावर आली होती. मंडळाच्या हळदीकुंकवाचा तिळगूळ माझ्याकडे होता, म्हणून भारतीय ग्रोसरीत तीळ आणि चिक्कीचा गूळ घ्यायला गेले. बरोबर जुई होती आणि शुभदाताई होत्या. शुभदाताई मंडळाच्या सगळ्या कामांत पुढे असतात, त्यांच्या गाडीतूनच गेलो होतो. आम्ही दाराजवळच्या भाजीपाशी उभ्या. माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी. शुभदाताई लाडवांचा आकार सांगताहेत, आणि दार उघडून फोलाके आत आली. भेंडी आणि मिरच्या घ्यायला ती तिथे येते, हे मला ठाऊक नव्हतं. तिनं मला पाहिलं, चेहरा असा उजळला तिचा, आणि ती भरभर आली आणि तिथेच, त्या मिठानं पांढऱ्या पडलेल्या पायपुसण्यावर, दोन्ही गुडघे टेकून बसली.

"ए कासान, मा. हाऊ इज अवर गर्ल?"

दुकानातली माणसं बघायला लागली. शुभदाताई बोलायच्या थांबल्या. त्या एकदा फोलाकेकडे, एकदा माझ्याकडे बघताहेत. आणि माझा हात, बाई, माझा हात कोथिंबिरीला चिकटला तो सुटेना. ती तशीच बसलेली, मान खाली, वाट बघत. मी म्हणाले, "फाइन, फाइन." आणि शुभदाताईंकडे वळून मराठीत म्हणाले, "हॉस्पिटलात कामाला आहे वाटतं. तिथे बघितली असेल मला."

फोलाकेला मराठी येत नाही. पण चेहरा सगळ्यांना वाचता येतो, आणि 'हॉस्पिटल' हा शब्दही. ती सावकाश उठली. जुईच्या गालाला हात लावला, माझ्याकडे मान हलवली आणि भेंडीकडे गेली. तिच्या काळ्या पँटवर दोन्ही गुडघ्यांना मिठाचे पांढरे गोल उठले होते. ती पाठमोरी झाली तरी मला ते दिसतच होते.

आपल्याकडे वाकलेल्या माणसाला आशीर्वाद न देता कुणी पाठवत नाही. वैऱ्यानं नमस्कार केला तरी हात उचलतात. मी सातवी शिकलेली बाई, मला शास्त्र-बिस्त्र कळत नाही, पण एवढं कळतं.

गाडीत शुभदाताई तिळाच्या भावाबद्दल बोलत होत्या. जुई खिडकीबाहेर बघत होती. घरी आल्यावर बूट काढता काढता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजी, शी वॉज वेटिंग."

"काय गं?"

"फॉर युअर हँड. शी वॉज वेटिंग फॉर युअर हँड." मग दुसरा बूट ओढत, "इज इट बिकॉज ऑफ मी?"

मी पटकन म्हटलं, "नाही गं बाळा." पण तिचंच बरोबर होतं. मी तिच्या आजाराला लाजत होते, म्हणजे तिलाच लाजत होते. तिचे डोळे टिपायला गेले तर तिनं माझा हात बाजूला केला. जोरात नाही. तिला मी जोरात काही करायला शिकवलंच नव्हतं.

मी तीळ भाजायला घेतले. तीळ तडतडतात तेव्हा दुसरं काही ऐकू येत नाही, बरं असतं ते. प्राची ओट्याशी येऊन उभी राहिली. जुईनं तिला सांगितलं होतं. मला वाटलं, आता ही चिडेल. ती एवढंच म्हणाली, "आई, जुई म्हणते, फोलाकेला हळदीकुंकवाला बोलवू या."

"आणि सगळ्यांना काय सांगायचं, कोण म्हणून?"

"ते तुम्ही ठरवा," प्राची म्हणाली. तीळ करपले थोडे. मी ते तसेच पाकात घातले.

हळदीकुंकवाच्या दिवशी बाहेर बर्फ पडत होता. मंडळाच्या हॉलमध्ये काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली बाळं, वाणाच्या डब्यांचा ढीग. मी तिळगुळाच्या ताटामागे उभी. प्राचीनं बोलावणं धाडलं होतं, पण फोलाके अजून आली नव्हती, येईल की नाही देव जाणे. आली आणि पुन्हा गुडघे टेकले तर? आणि न टेकले तर? मला दोन्हीची भीती वाटत होती.

मग काय झालं माहीत नाही. उखाणे चालले होते, माझी पाळी आली. सगळ्या म्हणाल्या, "घ्या, घ्या, आजी, नाव घ्या!" मी उभी राहिले आणि उखाणा काही सुचेना. तोंडातून निघालं ते असं, "बायांनो, आमच्या जुईला ॲलर्जी नाही. सिकलसेल आहे. आजवर मी खोटं बोलले. तिला रक्त लागतं, आणि ते आपल्यातल्या कुणाचं तरी जुळेल असं डॉक्टर म्हणतात."

कुणाची तरी बांगडी वाजली. मागून एक आवाज आला, "पण तो तर आफ्रिकन लोकांना होतो ना?" दुसऱ्या कुणीतरी हळूच विचारलं, "कुठल्या बाजूनं आलं म्हणे?"

"दोन्ही," प्राची म्हणाली. ठणठणीत आवाजात.

शुभदाताईंनी हातातला कुंकवाचा करंडा खाली ठेवला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे आजी, त्या दिवशी दुकानात खाली बसली ती बाई..."

"हो."

"तुम्ही तर म्हणालात..."

"हो. म्हणाले."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीठ लागलेले ते दोन गोल आता त्यांनाही दिसत असणार. मग कोरडेपणानंच म्हणाल्या, "मी देते रक्त. कुठे जायचं सांगा." आणखी दोघीचौघी बोलल्या. काही जणी तिळगूळ न घेताच कोट घालायला गेल्या, हेही खरं. त्यांना मी काय बोलू? मागच्या महिन्यात मीच गेले असते.

तेवढ्यात दार उघडून फोलाके आली. डोक्यावर निळा फेटा, त्याच कापडाचा. मी हातात तिळगूळ घेतला. आपण देताना जे नेहमीचं बोलतो ना, गोड बोलण्याचं, ते वाक्य माझ्या ओठांवर येईना. कुठल्या तोंडानं म्हणणार? मी नुसता तिच्या तळहातावर ठेवला. ती ताठ उभी होती. "थँक यू, मामा," म्हणाली. अदबीनं. उभ्यानंच.

आणि मग आमची जुई पुढे झाली. परकर-पोलकं घातलेली, दुखरे गुडघे तिचे. तिनं दोन्ही गुडघे टेकले. सिमीनं शिकवलं असणार, हॉलमध्ये असंच बसतात त्या पोरी. "ए कासान, मा," म्हणाली, अगदी मान खाली घालून. फोलाकेचा हात क्षणभरही थांबला नाही. तिच्या दोन शेपट्यांच्या मधोमध ठेवला, आणि ती तिच्या भाषेत केवढा तरी लांब आशीर्वाद म्हणाली. मला एक अक्षर कळलं नाही. पण माझ्या नातीच्या डोक्यावर तो हात होता आणि मी ताटामागे उभी होते. मी जे दिलं नव्हतं ते ती देत होती. एवढी लाज मला जन्मात कधी वाटली नव्हती.

वसंतात जुईला पुन्हा रक्त लागलं, आणि जुळलं. कुणाचं ते सांगत नाहीत इथे. आपल्या मंडळातल्या कुणाचं असेल, नसेलही. शुभदाताईंचं असेल तर जुईही आता सगळ्या कामांत पुढे होईल, असं मंगेश म्हणतो. दवाखान्यात मात्र ती ओरडली या खेपेला. चांगलं छप्पर उडेल असं ओरडली. नर्स धावत आली. मी बाहेर बाकावर बसून ऐकत होते आणि मंजूसाठी रडत होते.

आज हीटरचा तो वास आला, तो शनिवारच होता नेमका. हॉलचा शनिवार. मी कपाट उघडलं, ते निळं कापड काढलं. उन्हाळ्यातच त्याचं पोलकं शिवून ठेवलं होतं, घालायचा धीर होत नव्हता. आज साडीवर घातलं. बाह्या जरा आखूड झाल्यात.

हॉलच्या पायऱ्या दवानं निसरड्या, म्हणून आजच त्यांवर मीठ टाकलेलं, ते बुटांबरोबर आत आलेलं, आणि दारात बूट काढायची गर्दी. माझ्या उजव्या बुटाची झिप अडकली. वाकवत नाही आता मला. भिंतीला धरून ओढते आहे, निघतच नाही. मागून आवाज आला, "गुड आफ्टरनून, मामा." फोलाके. मागच्या थंडीपासून ती मला असंच म्हणते, उभ्यानं, गोड हसून. माझ्या पोलक्याकडे तिनं बघितलं, बाहीला दोन बोटं लावली. "फायनली! पण शिंपी कोण हा? याला दम द्यायला हवा."

आणि मग ती खाली बसली. दोन्ही गुडघे टेकून. नमस्कार नव्हता तो, माझा बूट काढत होती ती. दोन हातांनी झिप ओढतेय, त्या निळ्या फेट्याचं टोक माझ्या पोटाला लागतंय. माझा हात उठला. तिच्या डोक्यावर अधांतरी थांबला. न मागितलेला आशीर्वाद द्यावा की नाही? तो हक्क मी त्या दुकानात कोथिंबिरीच्या जुडीपाशी सोडून आले होते ना? मी हात न टेकवताच पुटपुटले, "औक्षवंत हो."

झिप ओढणं थांबलं. वर न बघता ती म्हणाली, "लाउडर, मामा. आय कान्ट हिअर यू."

दारात रांग होती. मागे आपल्या शुभदाताई होत्या, त्या पहिल्यांदाच आल्या होत्या, आणि आणखी कितीतरी. मी हात टेकवला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"आमेन," ती म्हणाली, आणि बूट निघाला.

ती उठली तर गुडघ्यांवर मीठ. मी भिंतीला धरून, कंबर मोडेपर्यंत वाकले आणि हातानं ते झटकलं. पुन्हा झटकलं. जुई म्हणत होती, "आजी, लेट इट बी." पुरतं निघालं नाही ते. पांढरट राहिलंच थोडं.